व्हेल्मा ग्रीन पास झाली

मंगळवारी दुपारी चार वाजता दारावरची बेल वाजली नाही. मी शेगडीवरचं आधण बंद केलं आणि वाट बघत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली... सहा वर्षांत व्हेल्मा कधी उशिरा आली नव्हती. उलट चार वाजायला दोन मिनिटं असतानाच जिन्यात तिची काठी वाजायला लागायची. शेवटी मी खाली गेले. तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. आत रेडिओ मंद आवाजात चालू होता आणि व्हेल्मा खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. पायात बूट घातलेले, नाड्या बांधलेल्या. वर यायलाच निघाली होती ती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. त्याला आता सात आठवडे झाले. पहिले काही दिवस मी खूप रडले. पण लिहायला बसल्यावर जे जे आठवतंय, त्यात रडण्यासारखं फार थोडं आहे. व्हेल्मा जिंकून गेली. ते कसं, एवढंच सांगायचं आहे.

माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या बाईला मी ‘ती’ म्हणतेय, हे काही वाचकांना खटकेल. पण जर्मनीत ‘अहो’ आणि ‘अगं’ यांच्यामधला उंबरठा मोठ्या माणसाने ओलांडून द्यावा लागतो, आणि तो तिने पहिल्याच महिन्यात ओलांडून दिला होता. ‘फ्राऊ ग्रीन’, म्हणजे ग्रीनबाई, म्हटलं की ती मागे वळून बघायची, जणू आणखी कुणी उभं आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला, समीरला, झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो. मी कराडला अकरा वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवत होते. ते सोडून आले. आमची मुलगी सई चार वर्षांची होती. तिसऱ्या मजल्यावरचं घर, ओळखीचं कुणी नाही, आणि जर्मन शिकवणीत जे शिकत होते ते रस्त्यावर कुणीच बोलत नव्हतं. एका सकाळी बेल वाजली. दारात एक उंच, रुंद खांद्यांची काळी बाई, पांढरे बारीक केस, आणि हातात दोरी बांधलेली एक लाकडी पाटी. ती पाटी माझ्यापुढे नाचवत ती काहीतरी बोलली. एकही शब्द कळला नाही. मी चाचरत विचारलं, “तुम्हाला इंग्रजी येतं का हो?” ती इतक्या मोठ्याने हसली की समोरच्या घराचं दार उघडलं.

“पोरी, तुझ्या जन्माआधीपासून येतं मला,” ती इंग्रजीत म्हणाली.

मग तिने समजावून सांगितलं. ती पाटी म्हणजे ‘केअरवोखं’. ज्याच्या दाराला ती लागेल त्याने त्या आठवड्यात जिना आणि इमारतीपुढची वाट झाडायची, पुसायची. या श्वाबेन भागात बाकी काही चुकलं तरी लोक माफ करतात, हे नाही. पहिल्या खेपेला ती स्वतः माझ्याबरोबर तीन मजले झाडत आली. तिचं जर्मन इथल्या गावरान बोलीतलं होतं. तरुणपणी ती एका अमेरिकन सैनिकाची बायको म्हणून या बाजूला आली, नवऱ्याने सैन्य सोडल्यावर दोघं इथेच राहिले, आणि तिने कारखान्याच्या कँटीनमध्ये तीस वर्षं काढली. भाषा शिकली ती बटाटे सोलणाऱ्या बायकांकडून. मला ती ‘मेड्लं’ म्हणायची, म्हणजे पोरी. मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सईची ती बघता बघता ‘ओमा व्हेल्मा’ होऊन गेली. इथे आजीला ओमा म्हणतात.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. टपाल आलं की ती पाकीट माझ्या हातात द्यायची, “चष्मा घरी राहिला, तूच वाच.” दुकानात डब्यावरचं नाव मीच वाचायचं, डॉक्टरकडचा फॉर्म मीच भरायचा. मला वाटायचं, वय झालंय. सई पहिलीत गेली त्या हिवाळ्यात एका दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर दोघी सोफ्यावर बसलेल्या. सईच्या मांडीवर पहिलीचं वाचनाचं पुस्तक. सई एक ओळ वाचत होती आणि व्हेल्मा ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, तिच्यामागून तीच ओळ वाचत होती. चष्मा नाकावरच होता. सईने मला बघितलं आणि अगदी शिक्षिकेच्या थाटात जाहीर केलं, “मामा, ओमा मुस नोख यूबन!” म्हणजे, आई, ओमाला अजून सराव करायला हवा.

व्हेल्माने पुस्तक मिटलं. मी सईला आतल्या खोलीत पाठवलं. चहा झाला, तो गार झाला... मग ती बोलायला लागली.

व्हेल्मा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातली. राज्याच्या दक्षिणेला तांबड्या मातीचा, तंबाखूच्या शेतांचा एक जिल्हा आहे, तिथली. गेल्या शतकाच्या मध्यावर त्या राज्यात गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या होत्या. मग देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे चालणार नाही, मुलं एकत्र बसली पाहिजेत. राज्याचं सरकार हट्टाला पेटलं. कायदे, पळवाटा, खटले यांत काही वर्षं गेली. आणि जेव्हा आणखी टाळता येईना, तेव्हा व्हेल्माच्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी ठरवलं की एकत्र बसवायची वेळ आलीच असेल तर शाळाच नकोत. जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलपं लागली. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा उभी राहिली. काळ्या मुलांसाठी काहीही नाही. हे पाच वर्षं चाललं. मी इतिहासाच्या पुस्तकातून नाही, माझ्या सोफ्यावर बसलेल्या बाईच्या तोंडून ऐकत होते.

“माझी पहिली झाली होती,” ती म्हणाली. “दुसरीसाठी आईने नवा फ्रॉक शिवला होता. ग्लोरियाचा, माझ्या बहिणीचा, हात धरून गेले तर दाराला साखळी. आम्हाला वाटलं, सुट्टी असेल. मी धावत घरी आले आणि आईला सांगितलं, सुट्टी आहे! मला आनंद झाला होता, मेड्लं... पाच वर्षं सुट्टी.”

काही कुटुंबांनी मुलं दुसऱ्या राज्यात नातेवाइकांकडे धाडली. यांचं तसं कुणी नव्हतं. सकाळी रस्त्यावरून गोऱ्या मुलांनी भरलेल्या गाड्या जायच्या आणि या दोघी तंबाखूच्या शेतात उभ्या राहून बघायच्या. ग्लोरिया चार वर्षांनी मोठी. तिला जेवढं येत होतं तेवढं ती धाकटीला काठीने मातीत अक्षरं काढून, पिठाच्या पोत्यांवरची नावं दाखवून शिकवायची. न्यायालयाने पुन्हा बडगा उगारल्यावर शाळा उघडल्या तेव्हा ग्लोरिया सोळा वर्षांची होती. ती गेलीच नाही. व्हेल्मा बारा वर्षांची. तिला आठ-आठ वर्षांच्या मुलांबरोबर बसवलं. “गुडघे बाकाखाली मावायचे नाहीत. वाचायला उठले की वर्ग हसायचा.” दोन वर्षं तिने रेटली आणि मग ती एका घरी स्वयंपाकाला लागली. पुढची पन्नास वर्षं चष्मा घरी राहिला.

आणखी एक गोष्ट तिने त्याच दिवशी सांगितली, पण आवाज बदलून. वीसेक वर्षांपूर्वी व्हर्जिनिया राज्याला या जुन्या विद्यार्थ्यांची आठवण झाली. राज्याने त्यांना शाळा पूर्ण केल्याची मानद प्रमाणपत्रं द्यायचं ठरवलं. झगा, चौकोनी टोपी, समारंभ. ग्लोरियाने ते घेतलं. व्हेल्माला बोलावणं इथवर आलं होतं, ती गेली नाही. फोनवर बहिणीला म्हणाली, “आपल्याला कुलूप दाखवलं आणि आता टोपी देतात. तू घेतलीसच कशी?” ग्लोरिया म्हणाली, “तू निघून गेलीस. मी त्याच गावात, त्याच लोकांत राहिले. मला ती टोपी घालून त्यांच्यासमोरून चालायचं होतं.” त्यानंतर दोघींनी एकमेकींना फोन केला नाही. नाताळला एक कार्ड जायचं, एक यायचं. दोन्हींवर नुसती सही.

“मला मानद नको होतं,” व्हेल्मा म्हणाली. “मला पास व्हायचं होतं.”

“मग हो की,” मी म्हटलं. अगदी सहज म्हटलं. कराडच्या वर्गात मागच्या बाकावरच्या कितीतरी मुलींना म्हटलं होतं तसं. ती माझ्याकडे रोखून बघत राहिली.

“तू शिकवशील?”

त्या दिवसांत माझी पदवी इथे मान्य करून घेण्याची कागदपत्रं तिसऱ्यांदा परत आली होती. मला कुणी ‘काय करता?’ विचारलं की मी सईचं नाव सांगून विषय बदलायचे. त्या सोफ्यावर बरोबर दोन बायका बसल्या होत्या, एक शाळा अर्धी राहिलेली आणि एक शाळा सुटलेली. पुढच्या मंगळवारी चार वाजता आमचा पहिला तास झाला.

वर्षभराने तिने इथल्या संध्याकाळच्या शाळेत नाव घातलं. ‘हाउप्टशूल’चं प्रमाणपत्र म्हणजे आपल्या नववी-दहावीच्या आसपासची परीक्षा. वर्गात सगळे विशी-तिशीतले, दिवसा काम करून येणारे. वर्गशिक्षक हेर लांग, म्हणजे आपले लांग सर, चाळिशीतले शांत गृहस्थ, पहिल्या दिवशी तिला पाहून नम्रपणे म्हणाले की पालकांची सभा पुढच्या आठवड्यात आहे. “आ वा!” ती म्हणाली, म्हणजे काहीतरीच काय. आणि खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. महिनाभरात हेर लांग वर्गाला सांगायला लागले, की गृहपाठ न चुकता करणारी एकच विद्यार्थिनी आहे आणि ती अडुसष्ट वर्षांची आहे.

गंमत म्हणजे तिला सगळ्यात भीती वाटायची ती इंग्रजीची. परकीय भाषा म्हणून तो विषय सक्तीचा. बोलायला लागली की हेर लांगसुद्धा ऐकत राहायचे, पण स्पेलिंग आलं की तिचा हात थबकायचा. सईच तिचं शुद्धलेखन घ्यायची. दहापैकी चार आले की दोघी मिळून आइस्क्रीम खायच्या, सात आले तरी खायच्या.

पहिल्या वर्षी ती नापास झाली, तीही गणितात. माझ्या विषयात. हेर लांगनी मला पेपर दाखवला. आकडेमोड सगळी बरोबर होती. बागेच्या कुंपणाचं उदाहरण होतं. परिमिती विचारली होती, तिने क्षेत्रफळ काढलं होतं. दुसऱ्या उदाहरणातही तसंच. प्रश्न वाचतानाच गोंधळ झाला होता. मी तिला गणित शिकवत होते आणि ती अडत होती वाचण्यात. हे मला, अकरा वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला, दिसलं नव्हतं.

व्हेल्माने दार लावून घेतलं. मंगळवार गेला, दुसरा गेला. बेल वाजवली तर आतून “नॉय”, म्हणजे नाही, एवढंच. त्या आठवड्यात केअरवोखंची पाटी तिच्या दाराला होती आणि जिना तसाच पडून होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शनिवारी मी बादली घेतली आणि तिच्या वाटणीचा जिना वरून खालपर्यंत पुसत आले. तळमजल्यावर पोचले तेव्हा तिचं दार किलकिलं झालं.

“कोपरे राहिलेत,” ती आतून म्हणाली.

“मग येऊन दाखव,” मी म्हटलं. रागाने मराठीतच म्हटलं, आणि तिला ते कळलं. ती गाऊनवरच बाहेर आली, माझ्या हातातलं फडकं घेतलं, वाकून कोपरे पुसले. मग पायरीवर बसली. “मेड्लं, मी सत्तरीला आले. परत तेच?” मी तिच्याशेजारी ओल्या पायरीवर बसले आणि तिला सांगितलं की चूक माझ्या शिकवण्यात होती, ती मला सापडली आहे, आणि ती दुरुस्त करायला मला एक वर्ष हवंय. हात जोडायचेच काय ते बाकी होते. तिने फडकं बादलीत पिळलं. मग म्हणाली, “मंगळवारी चार वाजता. पण चहात साखर कमी घाल.”

ते वर्ष आम्ही आकड्यांना हातच लावला नाही म्हटलं तरी चालेल. नुसती शाब्दिक उदाहरणं वाचायची. मोठ्याने वाचायचं, आपल्या शब्दांत सांगायचं, चित्र काढायचं, काय विचारलंय त्याखाली रेघ मारायची. मग पेन्सिल उचलायची. कधी एका दुपारी एकच उदाहरण व्हायचं.

परीक्षेच्या सकाळी कराडहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या इथे तीन महिने राहून गेल्या होत्या आणि एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नसताना दोघींची गट्टी जमली होती. “निघाली का गं व्हेल्माताई? हातावर दही घातलंस का?” मी धावत जाऊन फ्रीजमधलं दही काढलं, साखर घातली आणि तिच्या तळहातावर ठेवलं. व्हेल्मा हाताकडे बघत राहिली. “चमचे संपले का तुझ्या घरातले?” मी सांगितलं, आमच्याकडे मुलं परीक्षेला जाताना असं देतात. ‘मुलं’ या शब्दावर ती थांबली. मग तळहात चाटूनपुसून साफ केला आणि फोनमधल्या सासूबाईंना तो उघडून दाखवला.

निकाल पत्राने आला. पाकीट तिने माझ्या हातात दिलं नाही. स्वतः फोडलं, चष्मा लावला आणि जिन्यात उभं राहून, एकेक शब्द, मोठ्याने वाचलं. गणित दोन, जर्मन तीन, इंग्रजी तीन. इथे एक म्हणजे सर्वोत्तम आणि पाच म्हणजे नापास. मी ओरडले, सई ओरडली, समोरच्या घराचं दार उघडलं. “बेश्टांडन!” व्हेल्मा त्या शेजाऱ्याला म्हणाली. पास! आणि त्याला, ज्याच्याशी तिचं कचऱ्याच्या डब्यावरून दोन वर्षं वाजत होतं, तिने कडकडून मिठी मारली.

प्रमाणपत्र वाटपाच्या आदल्या दिवशी ती वर आली. “फोनवर ते चित्र दिसतं ना, ते लावून दे.” कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. पण त्या दिवशी तिने लावला नाही. दुसऱ्या दिवशी, सभागृहात, नाव पुकारायच्या दहा मिनिटं आधी म्हणाली, “आता लाव.” तिकडे व्हर्जिनियात दुपार होती. पडद्यावर एक सुरकुतलेला, हुबेहूब तिच्यासारखा चेहरा आला, आणि डोक्यावर काळी चौकोनी टोपी. व्हेल्माने तिला निकाल कळवणारं कार्ड आधीच पाठवलं होतं हे मला तेव्हा कळलं.

“काढ ती टोपी!” व्हेल्मा म्हणाली.

“नाही काढणार,” ग्लोरिया म्हणाली. “पास तू झालीस. टोपी मी घातलीय. दोघींचं मिळून पुरं झालं.”

व्हेल्माला हसू आणि रडू एकदमच आलं. मग तिचं नाव पुकारलं. काठी माझ्याकडे देऊन ती एकटी चालत गेली. मी फोन उंच धरून उभी होते. सभागृहातले सगळे उभे राहिले होते, तिच्या वर्गातली पोरं शिट्ट्या वाजवत होती. मुख्याध्यापिकेने दोन शब्द बोलायची विनंती केली. व्हेल्माने आधी श्वाबेन बोलीत नमस्कार केला आणि मग एवढंच म्हणाली, “लहानपणी मी आईला सांगितलं होतं, सुट्टी आहे. आई, आज ती संपली.”

त्या समारंभात मुख्याध्यापिकेने तिला विचारलं होतं, गणित कुणी करून घेतलं? व्हेल्माने मला दंडाला धरून पुढे ओढलं. त्या वर्षापासून मी त्याच संध्याकाळच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस गणित शिकवते. आणि व्हेल्मा? तिने पुढच्या आठवड्यात पुढच्या इयत्तेचा, ‘रेआलशूल’चा, फॉर्म आणला. स्वतः भरला. आधी वर्षभर तयारी आणि मग वर्ग. बहिणींचे फोन आता रोज व्हायचे. बहुतेक भांडणच असायचं, हवामानावरून, केकमध्ये दालचिनी किती घालायची यावरून. जाण्याच्या आदल्या रविवारीही त्या तासभर भांडल्या होत्या.

अंत्यसंस्काराला ग्लोरिया आली. सत्त्याहत्तर वर्षांची, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली. व्हेल्माला इथेच, नवऱ्याशेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी ग्लोरियाने मला विचारलं, “ती बसायची कुठे?” मी तिला संध्याकाळी शाळेत घेऊन गेले. हेर लांगनी बाक दाखवला. ग्लोरिया बसली, पर्स मांडीवर घेतली, समोर फळ्याकडे बघत राहिली. घंटा झाली, वर्ग भरायला लागला. तिला उठायचं सुचेना आणि आम्हाला कुणाला तिला उठवायचं सुचेना. शेवटी हेर लांगनी तिच्यापुढे एक कागद आणि पेन्सिल ठेवली आणि टक्केवारी शिकवायला सुरुवात केली. तिला जर्मन एक अक्षर येत नाही. तरी पूर्ण तास ती सरळ बसून ऐकत होती, फळ्यावर आकडे आले की कागदावर उतरवून घेत होती.

बाहेर पडल्यावर आम्ही थांब्यापर्यंत चालत गेलो. बस आली, आम्ही बसलो. मग तिने विचारलं, “गृहपाठ काय दिलाय त्याने?”

पाच उदाहरणं होती. मी ती इंग्रजीत करून दिली. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. सकाळी ती आमच्या टेबलावर बसून सोडवत होती. किराणा दुकानात गल्ल्यावर तीस वर्षं काढलेली बाई, टक्के तिला तोंडपाठ होते. तो कागद मी हेर लांगना नेऊन दिला. चार बरोबर निघाली. पाचवं चुकलं ते माझ्या भाषांतरामुळे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तरीही लाल खूण केली. त्याचा फोटो मी व्हर्जिनियाला पाठवला.

“पाचवं परत करते,” तिचं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी तिने पाठवलं. बरोबर होतं.